‘माया’ या एका शब्दाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शाळेच्या वहीत ‘माया’ या शब्दापुढे ‘प्रेम’ असं लिहिलेलं असतं आणि त्यावर लाल शाईची बरोबरची खूण असते. मग तेच पोर तुकोबांचा अभंग वाचतं, वर्तमानपत्रात लाचखोर साहेबांच्या ‘कोट्यवधींच्या मायेची’ बातमी वाचतं, शिंप्याच्या दुकानात ‘माया किती सोडू?’ हा प्रश्न ऐकतं आणि विचारतं, बाई, नक्की काय खरं? मी मराठी शिकवते. काही मुलं इथलीच आहेत, काही परदेशात वाढलेली. या एका शब्दावर जेवढे प्रश्न मला आलेत तेवढे दुसऱ्या कुठल्याच शब्दावर आलेले नाहीत. त्यातले नेहमीचे इथे घेतलेत.

हा एकच शब्द आहे, की सारखे दिसणारे चार वेगळे शब्द?

माझ्या मते एकच शब्द आहे, फक्त त्याने फार गावं पाहिलीत. ऋग्वेदात माया म्हणजे भ्रम नव्हे, तर करामत, अद्भुत सामर्थ्य. सहाव्या मंडलातल्या सत्तेचाळिसाव्या सूक्तात ‘इन्द्रो मायाभिः पुरुरूप ईयते’ असं म्हटलंय. म्हणजे इंद्र आपल्या मायांनी नाना रूपं घेऊन वावरतो. ‘मायाभिः’ हे अनेकवचन आहे, तेव्हा एकाच देवाजवळ पुष्कळ माया! करामतीने जे दिसतं ते खरं नसतं, म्हणून शब्द फसवणुकीकडे झुकला. वेदान्ताने त्याला नेऊन थेट जगाच्या मुळाशी बसवलं: ब्रह्म झाकणारी आणि जग दाखवणारी ती माया. मराठीत येताना हा अर्थ आलाच. त्याशिवाय इथे जिव्हाळा, पैसा आणि शिवणीत सोडलेलं कापड हे अर्थही रुळले.

भ्रम सांगणारा शब्द आईच्या प्रेमाला कसा काय चालतो? हे तर उलटे अर्थ झाले.

वाटतात तितके उलटे नाहीत. भागवताच्या दहाव्या स्कंधातली गोष्ट आठवा. कृष्णाने माती खाल्ली, यशोदेने तोंड उघडायला लावलं आणि आत तिला सगळं विश्व दिसलं. हे पोर साधं नाही हे तिला कळायला लागलं. इथे गोष्ट संपायला हवी होती. ज्ञान झालं, मोक्ष मिळाला, पुढे काय? पण देवाला ते परवडणारं नव्हतं, त्याला आई हवी होती. म्हणून त्याने तिच्यावर आपली माया पसरली. त्या मायेला भागवतकारांनी विशेषण लावलंय ‘पुत्रस्नेहमयी’. म्हणजे लेकाच्या प्रेमाचीच बनवलेली माया. यशोदा पाहिलेलं सगळं विसरली आणि तिने पोराला उचलून मांडीवर घेतलं.

भूल आणि जिव्हाळा हे दोन्ही अर्थ त्या एका विशेषणात एकत्र नांदताहेत. मराठीने नवं काही केलं नाही, फक्त त्यातली यशोदेची बाजू घेतली. वेदान्ती म्हणतो, बाई भुलली. मराठी घर म्हणतं, भुलली तर भुलली, पोराला जेवायला तर घातलं.

याला दुसरंही एक कारण असावं असं मला वाटतं. ते ‘माय’ या शब्दाच्या शेजारात आहे, पण तो प्रश्न वेगळा विचारला जातो म्हणून खाली घेते.

‘मायेची ऊब’ यात माय आहे की माया?

व्याकरण इथे हात वर करतं. ‘माय’ (आई) हा शब्द संस्कृत ‘माता’वरून आलेला, ‘माया’ वेगळा. पण विभक्ती लावली की दोघांचंही रूप ‘मायेची’ असंच होतं. मायेची कूस म्हणजे आईची कूस, मायेची माणसं म्हणजे जिव्हाळ्याची माणसं, आणि मायेची ऊब म्हणजे दोन्ही. शतकानुशतकं लोक ‘मायेचा हात’, ‘मायेने’, ‘मायेला’ असं बोलत आले. त्यात आईचा वास माया शब्दाला लागला असेल तर नवल नाही. विदर्भ-खानदेशात ‘मायचा’, ‘मायनं’ अशी रूपं चालतात, तिथे हा घोळ कमी होतो. ‘मायबोली’, ‘मायभूमी’, ‘मायबाप’ यांत मात्र निखळ माय आहे, तिथे माया शोधू नका. ‘माय मरो पण मावशी जगो’ या म्हणीतही तसंच. आणि जुन्या कवितेत ‘माये’ अशी हाक दिसली तर ती आईला किंवा आईसारख्या बाईला मारलेली आहे, भ्रमाला नव्हे. एका मुलाने ‘हे माये’चा अर्थ ‘अरे भ्रमा’ असा लिहिला होता. मला अर्धा गुण द्यावासा वाटला होता.

संतांच्या लेखनात माया दिसली की कोणता अर्थ घ्यायचा?

आधी भ्रमाचा अर्थ लावून पाहा, बहुतेक वेळा तोच बसतो. रामदासांच्या दासबोधाचा आठवा दशक तर ‘मायोद्भव’ याच नावाचा आहे. पण ‘भ्रम’ असं वहीच्या समासात लिहून पुढे गेलात तर सगळी गंमत हुकेल. दोन जागा मी वर्गात नेहमी घेते.

पहिली ज्ञानेश्वरीच्या सातव्या अध्यायातली. शके १२१२ मधला हा ग्रंथ. गीतेत एवढंच आहे की माझी ही त्रिगुणी माया तरून जायला कठीण आहे. ज्ञानेश्वरांनी ‘तरून जाणे’ हे क्रियापद पकडलं आणि एक अख्खी नदी उभी केली. गुणांच्या ढगांतून पाऊस कोसळतो, मोहाचा महापूर येतो, आणि तो पूर काय वाहून नेतो पाहा: ‘घेऊनि जात नगरें । यमनियमांचीं’. गावंच्या गावं! यम-नियम म्हणजे माणसाने कष्टाने बांधलेली शिस्त, तिची नगरं. द्वेषाचे भोवरे आहेत, मत्सराची वळणं आहेत, मध्ये प्रमादाचे मोठे मासे तळपताहेत. गोदाकाठच्या माणसाने लिहिलंय हे. ज्याने पूर पाहिलाय त्याला माया म्हणजे काय ते इथे पारिभाषिक शब्दांशिवाय कळतं.

मग ही नदी तरायची कशी? बुद्धीच्या जोरावर उडी टाकणारे, आणखी कसले कसले आधार बांधणारे सगळे बुडतात. शेवटी ओवी येते:

येथ एकचि लीला तरले । जे सर्वभावें मज भजले । तयां ऐलीच थडी सरलें । मायाजळ ॥

‘ऐलीच थडी’ म्हणजे अलीकडच्याच काठावर. भक्त पोहून पैलतीराला गेले असं ते म्हणत नाहीत. पाण्यात पाय टाकायच्या आधीच पाणी सरलं. एवढा पूर उभा करून एका शब्दात तो आटवून टाकायचा, याला काय म्हणावं!

आता नीट पाहा, इथे शब्द ‘मायाजळ’ आहे. ज ला काना नाही. जळ म्हणजे पाणी.

दुसरी जागा तुकोबांची:

नको नको मना गुंतूं मायाजाळीं । काळ आला जवळी ग्रासावया ॥

इथे काना आहे. जाळं आहे, म्हणूनच क्रियापद ‘गुंतणे’. पाण्यात माणूस बुडतो, जाळ्यात गुंततो. दरवर्षी चार-पाच जण एकीकडचा शब्द दुसरीकडे लिहितात आणि मग नदीत गुंततात. एका कान्याने माया नदीची कोळ्याचं जाळं होते, हे एकदा दाखवलं की मुलं विसरत नाहीत.

पुढचं चरण मला जास्त आवडतं: ‘काळाची हे उडी पडेल बा जेव्हां । सोडविना तेव्हां मायबाप’. त्यातला तो ‘बा’ ऐकलात? तुकोबा मनाला बा म्हणताहेत, जसं एखाद्या लेकराला समजवावं तसं. मायेत गुंतू नकोस हे सांगताना आवाजात मात्र पुरेपूर माया. कोशातला पहिला अर्थ शब्दांत आहे, दुसरा अर्थ सुरात. अभंग मोठ्याने वाचल्याशिवाय हे हाताला लागत नाही, म्हणून मी आधी वाचायला लावते, अर्थ नंतर.

मग संत आईच्या प्रेमाला कोणता शब्द वापरतात?

तुकोबांचीच ओळ आहे: ‘लेकराचें हित । वाहे माउलीचें चित्त ॥ ऐसी कळवळ्याची जाति । करी लाभेंविण प्रीति ॥’. कळवळा आहे, प्रीती आहे, माया नाही. ज्या प्रेमाला देवाची उपमा द्यायची त्यासाठी संशयाचा डाग असलेला शब्द त्यांनी इथे घेतला नाही, असं मी वाचते. याउलट आजच्या कथा-कादंबरीत ‘आजीची माया’ सहज येते आणि वाचणाऱ्याला त्यात ब्रह्म-माया आठवतही नाही.

प्रेम, माया, लळा, जिव्हाळा, ममता, कळवळा… फरक काय? परीक्षेत तर सगळे समानार्थी म्हणून येतात.

परीक्षेत येऊ देत. बोलताना आपण एकाच्या जागी दुसरा ठेवत नाही, हे बोलणाऱ्याच्या कानाला आपोआप कळतं.

‘प्रेम’ कुणाचंही कुणावरही असतं. ‘माया’ला उतार आहे. ती मोठ्याकडून लहानाकडे, धडधाकटाकडून दुबळ्याकडे वाहते. आजीची नातवावर, बहिणीची भावावर, गाईची वासरावर. कॉलेजातला मुलगा एखाद्या मुलीला ‘माझी तुझ्यावर माया आहे’ म्हणाला तर ती हसेल किंवा राखी बांधेल. पण लग्नाला पन्नास वर्षं झालेल्या जोडप्याबद्दल ‘म्हातारीची म्हाताऱ्यावर फार माया’ हे चालतं, कारण आता ती त्याचं पथ्यपाणी बघते.

‘लळा’ हे त्याच दोरीचं दुसरं टोक. आजीची नातवावर माया असते, नातवाला आजीचा लळा असतो. वाक्यरचनाच उलटी होते: माया ‘वर’ असते, लळा ‘ला’ लागतो. कुत्र्याला तुमचा लळा लागेल, त्याची तुमच्यावर माया आहे असं म्हणायला जरा हौशीच माणूस लागतो.

‘कळवळा’ समोरच्याचं दुःख पाहून जागा होतो. सुखात असलेल्या माणसाचा कुणाला कळवळा येत नाही. ‘जिव्हाळा’ बरोबरीच्यांतही असतो आणि विषयाबद्दलही असतो, म्हणून ‘जिव्हाळ्याचा प्रश्न’ म्हणतो, ‘मायेचा प्रश्न’ कधीच नाही. ‘ममता’ पुस्तकी, त्यातला ‘मम’ म्हणजे ‘माझं’ तेवढा लक्षात ठेवा.

‘दया’ला अंतर लागतं. रस्त्यावरच्या भिकाऱ्याची दया येते, माया येत नाही. माया आली तर तुम्ही त्याला घरी न्याल. गंमत अशी की हे दोन शब्द जोडीने येतात तेव्हा वाक्य बहुधा नकारार्थी असतं: ‘काही दयामाया आहे की नाही?’, ‘दयामाया न दाखवता हाकलून दिलं’. ‘त्याच्याकडे खूप दयामाया आहे’ असं कोण म्हणतं?

‘माझी आजीवर माया आहे’ हे वाक्य चूक का ठरवलंत?

वर सांगितलेल्या उतारामुळे. मुलाच्या तोंडी ‘माझं आजीवर प्रेम आहे’ किंवा ‘मला आजीचा लळा आहे’ हवं. पण ठाम चूक म्हणून मी ते आता खोडत नाही, खाली रेघ मारून विचारते. आजी अंथरुणाला खिळली असेल आणि नात तिला भरवत असेल, तर उतार फिरलेला असतो.

‘आई मला माया करते’ हे मात्र चूकच, ‘माझ्यावर माया करते’ असं हवं.

मायेसोबत क्रियापदं कोणकोणती येतात?

हा प्रश्न कमी जण विचारतात आणि खरी छटा इथेच असते. माया ‘असते’ तेव्हा ती आत असते, दिसेलच असं नाही. माया ‘करतो’ तेव्हा ती हाताने दिसते: न्हाऊ घालणं, डोक्याला तेल लावणं, ताटात आणखी एक पोळी वाढणं. माया ‘लावतो’ तेव्हा समोरच्याला बांधून घेतो, आणि ‘एवढी माया लावून निघून गेला’ ही तक्रार त्यातूनच येते. माया ‘पातळ होते’, ताकासारखी. माया ‘आटते’, विहिरीसारखी किंवा गाईच्या दुधासारखी. कथेत ‘सासूची माया आटली’ वाचलं की आधी ती होती हेही त्यात आलं. ‘माया नव्हती’ यात ते येत नाही. ‘माया तोडणे’ यात दुखतं, कारण काहीतरी ताणलेलं तुटतंय.

आणि ‘माया सोडणे’! कीर्तनकार बुवा म्हणतात ‘माया सोडा’ तेव्हा टाकून द्या असा अर्थ. शिंपी म्हणतो ‘माया सोडा’ तेव्हा ठेवून द्या असा. एकाच गल्लीत देऊळ आणि शिलाईचं दुकान असेल तर जपून.

शिवणीतली माया खरंच याच शब्दातली, की ऐकण्यातली चूक?

चूक नाही, शिवणकाम करणारी कोणतीही बाई सांगेल. शिलाईच्या पलीकडे जे जास्तीचं कापड आत राखून ठेवतात ते म्हणजे माया. ब्लाउजच्या दोन्ही बाजूंना माया हवीच, तयार कपड्यांत ती नसते आणि म्हणून ते अंगाला आवळले की संपले.

आमच्याकडे जूनमध्ये शाळा सुरू व्हायच्या आदल्या रविवारी आई माझा निळा स्कर्ट मांडीवर घेऊन बसायची. दाढीच्या पात्याने खालची दुमड उसवायची, दोरे फुंकून काढायची आणि आतली माया उलगडून इस्त्री फिरवायची. स्कर्ट दोन बोटं लांब व्हायचा. पण उलगडलेली पट्टी गडद निळी असायची, कारण वर्षभराचं ऊन आणि साबण तिला लागलेला नसायचा. फिकट स्कर्टाखाली गडद पट्टा. सगळ्या वर्गाला कळायचं की नवा घेतलेला नाही. मी रडले की आई म्हणायची, ‘माया ठेवली होती म्हणून निभावलं.’ ती शिवणीबद्दलच बोलत होती. तिला शब्दांशी खेळायची सवय नव्हती.

हा अर्थ नेमका कुठून आला? संस्कृतात ‘मा’ या धातूचा अर्थ मोजणे, आणि परंपरेने ‘माया’ची व्युत्पत्ती तिथूनच सांगतात. शिंप्याचा सगळा धंदा मापाचा, तेव्हा मोह होतो तिथे गाठ मारायचा. मी मारत नाही. मला वाटतं शब्द जिव्हाळ्याच्या अर्थावरून आला असावा: मापात न बसणारं, आत लपलेलं, पुढच्या वाढीसाठी राखलेलं. पण हे माझं मत, वर्गात मी ते मत म्हणूनच सांगते.

पैशाला माया का म्हणतात? आणि कुठल्याही पैशाला म्हणता येतं का?

नाही, वाट्टेल त्या पैशाला नाही. ‘त्याने बक्कळ माया जमवली’ म्हटलं की ऐकणारा मनात विचारतो, कुठून? ‘बेहिशेबी माया’ हे वर्तमानपत्रांचं आवडतं जोडपद आहे. शिक्षकाच्या निवृत्तिवेतनाला कोणी माया म्हणणार नाही. संतांनी धनाला भ्रमात काढलं, शब्द पैशाला चिकटला, आणि तो टोमणा अजून त्यात शिल्लक आहे. कथेत एखाद्या पात्राची ‘माया’ आली तर लेखकाने त्या पात्राविषयी मत दिलंय असं समजा.

‘मायावी’ आणि ‘मायाळू’ एकाच शब्दापासून?

हो, पण प्रत्ययांनी वाटणी करून घेतलीय. मायावी म्हणजे रूप बदलणारा, फसवणारा: सोन्याचं हरीण झालेला मारीच, अंधारात लढणारा घटोत्कच. मायाळू म्हणजे फक्त जिव्हाळ्याचा. या दोघांत कधीच गल्लत होत नाही. मायाळू नावाची वेलही आहे, जाड, मांसल पानांची. पावसाळ्यात कुंपणावर चढते आणि तिच्या पानांची भजी करतात. पान तोंडात बुळबुळीत लागतं म्हणून मुलं नाक मुरडतात, पण भज्यात चालतं.

हिंदीत हाच शब्द वापरला तर?

जपून. हिंदीत माया म्हणजे मोह, भ्रम, धनदौलत. ‘आजीची माया’चं ‘दादी की माया’ केलंत तर आजीने काहीतरी जादू केली असं वाटेल. तिथे ‘ममता’ किंवा ‘प्यार’ हवं. नेपाळीत उलट आहे. तिथे माया म्हणजे सरळ प्रेम, प्रियकर-प्रेयसीचंसुद्धा. म्हणजे आमचा कॉलेजातला तो मुलगा काठमांडूत असता तर त्याचं जमलं असतं.

एवढं सगळं कोशात मिळत नाही का?

अर्थ मिळतात. मोल्सवर्थचा कोश १८३१चा, दुसरी आवृत्ती १८५७ची. दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश १९३२ ते १९३८ या काळात निघाला. दोन्ही जवळ असावेत. पण कोश अर्थ एकाखाली एक मांडतो, आणि चांगला लेखक ते एकावर एक ठेवतो. तुकोबांचा ‘बा’ कोणत्याही कोशात ‘माया’ या नोंदीखाली सापडणार नाही.

उद्या परीक्षा आहे. ‘माया’चा अर्थ एका शब्दात काय लिहू?

उतारा घरातल्या माणसांचा असेल तर ‘जिव्हाळा’. अभंग-ओवी असेल तर ‘भ्रम’ किंवा ‘मोह’. बातमी असेल तर ‘पैसा’. आणि लिहिण्याआधी पुढचं क्रियापद एकदा वाच.